मोगऱ्याला घातलेलं आंघोळीचं पाणी

आमच्या आंघोळीच्या पाण्यावरून सोलापुरात एका वैशाखात भांडण झालं. ते मी आजवर कुणाला नीट सांगितलेलं नाही. सांगायला लागलो की माझाच आवाज चढतो आणि ऐकणारा म्हणतो, जाऊ द्या हो, जुनी गोष्ट. जुनी असेल. पण झाडाला पाणी घालायला बादली उचलली की मला ती कालची होते. म्हणून लिहून टाकतो. कागदावर आवाज चढला तरी कुणी हात धरत नाही.

माझी आई ऊसतोड करायची. दसरा झाला की बैलगाडीत संसार भरायचा आणि श्रीपूरच्या साखर कारखान्याकडं निघायचं, ते चैत्र सरता सरता परत. माझे वडील त्या कामातच गेले. मी मात्र हॉस्टेलात राहून, शिष्यवृत्तीवर बी.ए. झालो. आमच्या घरातला, भावकीतला, आमच्या अख्ख्या आळीतला पहिला. हे मी छाती काढून सांगतो. ज्यांच्या घरात चार पिढ्या शिकलेल्या आहेत त्यांनी डिग्रीबद्दल नम्र असावं, त्यांना परवडतं.

सत्तरच्या दशकात, दुष्काळ सरून दोनतीन वर्षं झाली होती तेव्हा, मला सात रस्त्याजवळच्या एका कचेरीत कारकुनाची नोकरी लागली. सायकलनं दहा मिनिटांवर दोन खोल्या मिळाल्या, घरमालकांच्या वाड्याच्या मागच्या अंगाला. मागं मुरमाड मोकळी जागा होती, तिथं गवताची काडी नव्हती. मी आईला गावाहून घेऊन आलो. आल्या आल्या तिनं खोल्या बघितल्याच नाहीत. मागच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली,

"आता बारा म्हईने हितंच?"

"हितंच."

"दसऱ्याला कुटं जायाचं न्हाय?"

"नाही गं. नोकरी आहे मला."

"मग मोगरा लावती."

हे तिचं बोलणं मला तेव्हा नीट कळलं नाही. गावाकडं ती दर पावसाळ्यात दाराशी काहीतरी लावायची. शेवंती, लिंबाचं रोप, एकदा कुणाकडून तरी आणलेला गुलाब. दसऱ्याला आम्ही कुलूप लावून जायचो आणि परत यायचो तेव्हा तिथं काटक्या असायच्या. ती काटक्या उपटायची, चुलीत घालायची, मृगात पुन्हा लावायची. पन्नाशीपर्यंत आपण लावलेलं एकही झाड वर्ष काढताना तिनं पाहिलं नव्हतं. आता तिला एका जागी राहायला मिळालं होतं, आणि लावलेला मोगरा एका मृगापासून दुसऱ्या मृगापर्यंत जगवायचा, एवढंच तिचं म्हणणं होतं.

मृगात तिनं मोगऱ्याची दोन रोपं लावली, एक कागदी लिंबू, एक कढीपत्ता. मुरूम खणून बाहेर टाकला, रस्त्यावरचं शेण, चुलीतली राख आणि कुठून कुठून डोक्यावरून आणलेली काळी माती भरली. आमची न्हाणी म्हणजे एक दगड आणि बाजूला तट्ट्या. त्या दगडापासून तिनं खुरप्यानं एक पाट काढला. पाटाला फाटे. कॅनॉलची पाळी असते तशी तिची पाळी होती: आज मोगरा, उद्या लिंबू. ज्याची पाळी त्याचा फाटा उघडा, बाकीच्यांना मातीचा बांध. मी आंघोळीला बसलो की ती बाहेरून ओरडायची,

"आरं, साबण लई लावू नगंस! आज मोगऱ्याची पाळी हाय."

"मग मी काय मातीनं घासू का अंग?"

"घास की. मातीतच वाढलाईस."

कपड्याच्या सोड्याचं पाणी ती गटारात टाकायची, ते झाडाला चालत नाही म्हणायची. भांडी राखेनं घासलेली असत, ते पाणी लिंबाला. तांदूळ धुतलेलं कढीपत्त्याला. शेजारी एक ट्रकवाले चाचा राहत. त्यांची फेरी श्रीपूरकडं असायची. येताना ते तिला उसाच्या पाचटाचे भारे आणून द्यायचे. ते वाळलेलं पाचट ती झाडांच्या बुडाशी वीतभर जाड पसरायची. आयुष्यभर तिनं त्या पाचटाच्या कोपीत, ऊसतोडीच्या झोपडीत, फाल्गुन-चैत्राचं ऊन काढलं होतं. त्याच्याखाली काय गार राहतं, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

आणि मोगरा आला. फाल्गुनात पानं दाट झाली, चैत्रात कळ्या. सोलापूरच्या उन्हात, जिथं दुपारी सायकलचं हँडल धरवत नाही, तिथं पहाटे आमच्या मागच्या दारात वास दरवळायला लागला.

घरमालक म्हणजे एक निवृत्त मास्तर. मी त्यांना काका म्हणायचो. आई त्यांना मालक म्हणायची आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. "मालक कसले? भाडं देतो आपण," मी म्हणायचो. ती म्हणायची, "मग काय म्हनू, भाडेकरी?" चैत्रापासून काका रोज पहाटे परडी घेऊन मागं यायचे आणि मोगऱ्याची फुलं देवाला न्यायचे. विचारलं नाही कधी. आईला त्याचं काही वाटत नव्हतं, उलट ती खूश होती. तिच्या हातचं फूल देव्हाऱ्यात जातंय, हे तिनं गावाकडून आलेल्या प्रत्येकाला सांगितलं. स्वतःला एक फूल ठेवायची नाही.

वैशाखात नळाचं पाणी दिवसाआड झालं. तेही करंगळीएवढं. काका रोज आमच्या आंघोळीच्या आधीच फुलं नेत. त्या दिवशी त्यांना सर्दी झाली होती म्हणून उठायला उशीर झाला. परडी घेऊन आले तेव्हा माझी आंघोळ चालू होती आणि पाटातून पाणी थेट मोगऱ्याच्या आळ्यात चाललं होतं. आई फाट्याचा बांध खुरप्यानं सरळ करत होती.

"हे पाणी कुठलं?" काकांनी विचारलं.

"आंगुळीचं," आई म्हणाली. "पोरगं न्हातंय."

"तुमच्या आंघोळीचं पाणी मोगऱ्याला घालता?"

"व्हय की. रोजच."

"रोज?" काकांनी परडीत बघितलं. दोनचार फुलं पडली होती. "आणि मी ही फुलं देवाला वाहतोय! चैत्रापासून!"

आई जरा विचारात पडली. खरंच विचारात पडली, टोमणा नव्हता तो. मग म्हणाली, "देवानं काय म्हटलं न्हाय की, मालक."

मी तट्ट्याआड ओलाच हसलो. पण काकांनी परडी उलटी केली, फुलं मातीत पडली, आणि ते म्हणाले, "तुमच्यात चालत असेल. आमच्या घरात नाही चालत." ते घरात गेले आणि मी त्यांना पुन्हा स्नान करताना ऐकलं. दिवसाआड पाणी येत होतं आणि हा माणूस आमच्या पाण्यावर वाढलेल्या फुलांना हात लागला म्हणून दुसऱ्यांदा अंगावर पाणी ओतत होता.

इथपर्यंतचा राग त्यांच्यावरचा आहे. तो सोपा आहे. पुढचा माझ्यावरचा.

मी काय करायला हवं होतं? जाऊन म्हणायला हवं होतं, काका, झाड आईचं, पाणी आमचं, फुलं नको असतील तर नेऊ नका. एवढंच. त्यांचं नुकसान काय होतं? फुलं बाजारातून आणली असती. पण मला तेवढं पुरणार नव्हतं. मी बी.ए. झालेला माणूस. आमच्याबद्दल असं कुणी बोलायचं नाही. मी अंग पुसलं, शर्ट घातला आणि त्यांच्या ओसरीवर जाऊन म्हणालो, "काका, उद्यापासून झाडांना आंघोळीचा एक थेंब जाणार नाही. नळाचं स्वच्छ पाणी घालीन. तुम्ही खुशाल फुलं न्या."

म्हणजे त्यांनी आम्हाला घाण म्हटलं आणि मी ते कबूल करून आलो. हे मला कळायला दोन आठवडे लागले.

त्या रविवारी मी परसाला हात घातला. आमच्या मोठ्या साहेबांच्या बंगल्यात मी पाहिलं होतं: प्रत्येक झाडाला गोल आळं, कडेनं तिरप्या विटा, विटांना गेरू आणि चुना. तसंच करायचं ठरवलं. आईचं पाचट सगळं ओढून काढलं आणि पेटवून दिलं, कारण काकांची बायको, आमच्या काकू, एकदा म्हणाल्या होत्या की त्यात विंचू होतील. पाट बुजवला. फाटे सपाट केले. कुदळीनं झाडांच्या बुडाची माती चांगली खोल हलवली, तिच्यातली पांढरी बारीक मुळं तुटून वर आली तरी हलवली. विटा लावल्या, रंगवल्या. संध्याकाळी लांब उभा राहून बघितलं. साहेबांच्या बंगल्यासारखं दिसत होतं.

आई दारात बसली होती. म्हणाली, "आरं, जमीन उघडी पाडलीस की. वैशाख हाय."

"अशीच असते बाग. स्वच्छ."

"आन् पाट?"

"पाट नको आता. मी पाणी आणतो नळाचं."

कोपऱ्यावरच्या सार्वजनिक नळाला दिवसाआड बाराच्या सुमारास पाणी यायचं. मी जेवणाच्या सुट्टीत सायकलवर घरी यायचो, रांगेत उभा राहायचो आणि दोन बादल्या भरून आणायचो. आई म्हणायची, "ठिऊन दे सावलीत. दिस कलला की घालती मी. भर उनात घालू नगं, मुळं शिजत्यात." पण बारा वाजता काका ओसरीवर वर्तमानपत्र घेऊन बसलेले असत. ते संध्याकाळी देवळात जात. मला ते पाणी त्यांच्या डोळ्यांसमोर घालायचं होतं. स्वच्छ, नळाचं, चकचकीत बादलीतून. म्हणून मी डोक्यावर सूर्य असताना तापलेल्या मातीवर बादल्या रित्या करायचो. माती सुस्कारा टाकल्यासारखा आवाज करायची. दहा मिनिटांत वर पांढरी पापडी धरलेली असायची.

आईनं दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा मी म्हणालो, "मला शिकवू नकोस."

तिनं मला पुन्हा काही शिकवलं नाही, कारण तिनंच मला शाळा शिकवली होती, म्हणजे कोयत्यानं शिकवली होती, उसाच्या मोळ्या वाहून. तिला खरंच वाटायचं की पोरगा एवढी पुस्तकं वाचलाय तर ह्याला झाडाचंही आपल्यापेक्षा जास्त कळत असणार. तो तिचा विश्वास होता आणि मी तो काकांना दाखवायच्या बादल्यांत बुडवला.

आंघोळीचं पाणी आता गटारात जात होतं. सकाळी मी न्हायला बसलो की ती गटाराच्या तोंडाशी उभी राहून ते जाताना बघायची.

आठवड्यात लिंबाची पानं आतल्या बाजूला वळली. मग गळली. मोगऱ्याची पानं कडेनं तपकिरी झाली, कळ्या उमलायच्या आधीच वाळून काळ्या पडल्या. नळाला एकदा सलग तीन दिवस पाणी आलं नाही. मग कढीपत्ताही मान टाकायला लागला. मी ऑफिसातल्या कुणाला तरी विचारून खत आणलं आणि तेही घातलं, त्या भाजलेल्या मातीत. त्यानं लिंबू संपला. आईनं तो उपटला, अंगठ्यानं साल खरवडून बघितली, आत हिरवं काही नव्हतं. गावाकडं घालायची तसाच चुलीत घातला.

एका दुपारी ट्रकवाले चाचा कुंपणाशी आले. विटा बघितल्या, मोगरा बघितला, मग मला.

"क्या बीए साब, ये क्या कर दिये? झाडकू नंगा करके खडा कर दिये?"

"बाग नीट केली, चाचा."

"नीट? तुमकू टोपी काढून, चप्पल काढून सात रस्ते पे बारा बजे खडा करता मैं. ऊपरसे दो बादली डालता. फिर पूछता, कैसा लगा?" त्यांनी आईकडं मान वळवली. "बहेनजी, तुम कुछ बोले नई इसकू?"

आई म्हणाली, "शिकल्याला हाय त्यो."

चाचा हसले. मी नाही हसलो. माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या होत्या, आणि ते ऊन नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रविवार. मी परसात बसलो होतो तेव्हा काका मागं आले. हातात परडी नव्हती. मोगऱ्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "फुलं बंदच झाली की हो. लक्ष देत नाही वाटतं. पाणी वगैरे घालता की नाही?"

मी उठलो. काय बोलावं ते सुचत नव्हतं म्हणून इकडंतिकडं बघितलं, आणि मला त्यांच्या बाजूची केळ दिसली. रोज बघत होतो. त्यांच्या न्हाणीघराच्या भिंतीला लागून केळीचं बेट होतं, हिरवंगार, माणसाएवढ्या पानांचं. सोलापुरात ज्या ज्या घराला परस आहे त्या त्या घराच्या मोरीमागं केळ असते. दुसरीकडं ती जगतच नाही. न्हाणीघराच्या भिंतीतून पन्हळ बाहेर आलं होतं आणि त्यातून त्या क्षणी पाणी ठिबकत होतं, साबणाच्या फेसासकट, केळीच्या बुडात. काकूंची आंघोळ चालली असावी.

"काका," मी म्हणालो, "ती केळ कुठल्या पाण्यावर आहे?"

"केळ? मोरीच्या. का?"

"मागच्या महिन्यात सत्यनारायण झाला तुमच्याकडं. चौरंगाला खांब लावले होते ते कुठल्या केळीचे?"

त्यांनी केळीकडं बघितलं.

"नैवेद्य कुठल्या पानावर वाढला?"

"ती गोष्ट वेगळी."

"कशी वेगळी? सांगा ना. मी बी.ए. आहे, मला समजेल. तुमच्या आंघोळीच्या पाण्यावर वाढलेलं पान देवाला चालतं. आमच्या आंघोळीच्या पाण्यावर वाढलेलं फूल चालत नाही. ह्याच्यात पाणी कुठं आलं, काका?"

"आवाज कमी करा."

"नाही करत. ह्या झाडाला मी पंधरा दिवस भाजून काढलं तुम्हाला दाखवायला. लिंबू मारला माझ्या आईचा. आणि तुम्ही मला विचारता पाणी घालतो का?"

"इथं राहायचं नसेल तर दुसरी जागा बघा," काका म्हणाले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. मला बरं वाटलं. मी काही थोर माणूस नाही, मला त्यांचा लाल चेहरा बघून बरं वाटलं.

ते गेले. मी अजून बोलतच होतो, रिकाम्या ओसरीकडं बघून, आमच्या सात पिढ्यांचं. आई मागून म्हणाली, "झालं का? झालं आसंल तर त्या विटा काड आदी."

विटा मी काढल्या. चाचांनी त्याच आठवड्यात पाचट आणलं. आईनं विळ्यानं दोन्ही मोगरे जमिनीपासून वीतभर ठेवून छाटले. मी म्हणालो, "सगळंच कापलंस?" ती म्हणाली, "पानी थोडं, पानं कशाला जास्त?" बुडाची पापडी तिनं बोटांनी फोडली, खुरपं लावलं नाही. राख आणि शेण कालवून घातलं, वर पाचट वीतभर. पश्चिमेच्या बाजूला गोणपाट बांधलं, दुपारनंतरच्या उन्हाला आडोसा म्हणून, आणि ते संध्याकाळी भिजवायची. पाट पुन्हा काढला, जुन्याच जागी. मी खणतो म्हणालो तर म्हणाली, तू न्हाय.

मग आम्ही वाट बघितली. काका समोरून गेले की मी मुद्दाम खाकरायचो. जागा मी शोधली नाही आणि त्यांनीही तो विषय पुन्हा काढला नाही. रोज सकाळी मी आंघोळ करायचो, साबण कमी लावायचो, पाणी पाटातून जायचं. वैशाख संपला. एका मोगऱ्याचे खुंट वाळून गेले. तो मेला. दुसऱ्याच्या बुडाशी, पाचट बाजूला करून आई रोज बघायची आणि पुन्हा झाकायची. ज्येष्ठ लागल्यावर एक दिवस तिनं मला हाक मारली. तांदळाएवढे तीन हिरवे ठिपके होते, खुंटाच्या पेरावर. ती उकिडवी बसून राहिली, हात गुडघ्यावर. मी म्हणालो, "जगला." ती म्हणाली, "वरीस होऊ दे. मग म्हन."

मृग निघाला तेव्हा आभाळ कोरडंच होतं. मोगरा मात्र गुडघ्याएवढा झाला होता. वर्ष भरलं. तिनं त्या दिवशी काही विशेष केलं नाही. फक्त गावाकडून कुणी आलं की त्याला हाताला धरून मागं न्यायची आणि म्हणायची, "ह्यो बग. गेल्या मिरगातला."

ज्येष्ठ संपायच्या आत फुलं आली. थोडी, पण टपोरी. आणि दुसऱ्याच सकाळी काकू आल्या. काकांची बायको. हातात काकांची तीच परडी. काका दिसत नव्हते.

"चार फुलं मिळतील का हो?" त्यांनी आईला विचारलं. मला नाही.

मी दात घासत होतो. मी तोंडातलं थुंकून पुढं होणार, एवढ्यात आई म्हणाली, "पानी तेच हाय बरं का, काकू. माज्या पोराच्या आंगुळीचं."

काकूंनी आमच्या पाटाकडं बघितलं, मग आपल्या न्हाणीघराकडं. "मला काय सांगता?" त्या हळू म्हणाल्या. "त्या केळीला मोरीचं पाणी वळवून वळवून म्हातारी झाले मी. ह्यांना आयतं पान दिसतं."

आईनं फुलं तोडली. ओंजळभर. होती तेवढी जवळजवळ सगळी. परडीत घातली. काकू गेल्या आणि मी आईवर तुटून पडलो. तुला काही वाटतं का, म्हणालो. ज्या माणसानं मातीत टाकली त्याच्याच देव्हाऱ्यात पाठवतेस? त्याला येऊन मागायला नको होतं? बायकोला पाठवलं त्यानं! मी एवढा भांडलो ते कशासाठी?

तिनं मला बोलू दिलं. मग पाटाचा बांध काढला, मोगऱ्याचा फाटा मोकळा केला आणि खुरपं धुतलं.

"तू तुज्यासाटी भांडलास," ती म्हणाली. "झाड माजं हाय. फुलं कुणाला द्याची ते मी बगीन. जा, न्हाऊन घे. त्येचं पानी थांबलंय."